माझ्यासमोर नको

कोर्टाच्या कंपाउंडला लागून, कडुलिंबाखाली माझं टेबल.
एक गोदरेज, दोन रिबिनी, पाण्याची बाटली
आणि उन्हानं वाकलेले कार्बन.
मशीनचा श तेव्हाच गेलेला,
म्हणून अशन्ना म्याकल यांच्या वकीलपत्रावर
पहिल्या दिवसापासून मी जागा सोडायचो:
अ, मग मोकळं, मग न्ना.
मागाहून शाईनं भरायचो.

पूर्व भागातला पोरगा. घरात तेलुगू,
कोर्टात मराठी, पुस्तकात इंग्रजी.
अक्का दिवसाला हजार विड्या वळायची,
त्यातल्या दोनशे याच्या फीच्या, असं तीच सांगायची.
कोट पहिला, दुसऱ्याच्या मापाचा,
त्यालाही तंबाखूचा वास.
मजकूर सांगताना विरामचिन्हंसुद्धा सांगायचा:
"सबब, स्वल्पविराम, वादीची विनंती की..."
मी म्हणायचो, साहेब, स्वल्पविराम मला कळतो.
"हत्तुरे, कळतो तिथंच तो राहून जातो."

भाडेकरूंचे दावे, विडी कामगारांचे फंड,
एक खून, ज्यात याचा आरोपी सुटला
आणि हा आठवडाभर नीट जेवला नाही.
मग सरकारी वकील. मग मुंबई.
मग एके सकाळी पेपरात फोटो,
गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या, खाली ‘न्यायमूर्ती’.
कन्ना चौकात बँड लागला.
बाप भूमय्या, लूम खात्यातला जॉबर,
दोन्ही कान मागांच्या आवाजानं नेलेले,
हार घालणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता,
"काय म्हणालात?"

गिरणी तेव्हा बंद होऊन आठ वर्षं झाली होती.
भूमय्या तरी पहाटे उठायचा,
न वाजलेल्या भोंग्याला.
चौदाशे बारा कामगार, थकलेली देणी, एकच याचिका,
ती फिरत फिरत एका सोमवारी
म्याकलसाहेबांच्याच बोर्डावर गेली.
आमच्या शिरस्तेदाराचा भाचा तिथं नोकरीला, तो सांगत होता:
साहेबांनी यादी उलटली,
सहाशे बाराव्या ओळीवर बोट थांबलं.
फाइल मिटली. हुकूम दोनच शब्दांचा:
माझ्यासमोर नको.

मग फाइल दुसऱ्या कोर्टात, तिथून तिसऱ्या.
एक न्यायमूर्ती निवृत्त झाले, एकांची बदली,
एका सुट्टीत अख्खं परिशिष्ट हरवलं.
इकडं साखर पेठेत कुणी म्हणायचं,
लेक तिथं बसलाय अन् बापाला छदाम नाही.
कुणी म्हणायचं, ह्यालाच न्याय म्हणतात बाबा.
दोघांच्याही चहाचे पैसे मी दिलेत.

भूमय्यानं लेकाला फोनवर एकदाच विचारलं,
"तुझ्याकडं आली होती म्हणे?"
"आली होती. मी घेतली नाही."
"काय म्हणालास?"
दुसऱ्यांदा सांगणं जड गेलं, हत्तुरे,
एवढंच तो मला पुढं कधीतरी बोलला.
पैसे सुटले तेव्हा
भूमय्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

परवा, मे महिना, त्रेचाळीस डिग्री.
लिंबाखाली एक म्हातारा, हातात कापडी पिशवी.
खुर्चीवरून उतरलेला माणूस एकदम बुटका दिसतो.
शेजारचा संगणकवाला पोरगा पाच मिनिटांत छापून देतो,
त्यानं हाकही मारली.
हा माझ्या स्टुलावर बसला. "वारसाचा अर्ज."

सांगू लागला. स्वल्पविराम सांगितले नाहीत.
मीच घातले.
धंदा? "निवृत्त..." मग म्हणाला,
"नको, खोडा. तिथं नुसती रेघ मारा."
रक्कम अकरा हजार सहाशे चाळीस,
निम्मी अक्काची, हे दोनदा वाचून घेतलं.

कागद ओढून काढला. खाली नाव: अ, मोकळं, न्ना.
मी पेन शोधत होतो.
त्यानं खिशातून आपलं काढलं,
चष्मा कपाळावर नेला, वाकला
आणि सोडलेल्या जागेत श भरला.
जरा मोठाच झाला, न्नाला टेकला.

चाळीस रुपये. त्यानं पन्नासची नोट धरली.
सुटे माझ्याकडं नव्हते, त्याच्याकडंही नव्हते.
बसून राहिलो दोघं.